रूबीची जट

कुत्रीचे केस विंचरायला रोज अर्धा तास लागतो, असं पनवेलच्या कोळीवाड्यात सांगितलं तर लोक हसतील. हसलेच. मी गुणाबाई, मुंबईला एका पारशी बाईंकडे बावीस वर्षं आया होते. बाईंची मुलं वाढवली, ती मोठी होऊन पांगली, मग राहिली रूबी. सिडनीहून बोटीने आणलेली, सिल्की टेरियर जातीची, जेमतेम मांजराएवढी कुत्री. पाठीवर मधोमध भांग आणि दोन्ही अंगांना निळसर राखी रेशीम. बावन्न साली बाई लेकीकडे विलायतेला निघाल्या. तिकडे बाहेरच्या कुत्र्यांना सहा महिने कोंडून ठेवतात म्हणे. म्हणून बाईंनी रूबी माझ्या मांडीवर दिली, सोबत फणी दिली आणि म्हणाल्या, "गुणा, गाठ म्हणजे आपला आळस. रोज विंचर."

रोज विंचर! बाईंचं काय जातंय सांगायला?

भाऊ दिनानाथने मला घरात घेतलं, पण भावजय रंभाने कुत्रीला पडवीच्या आत येऊ दिलं नाही. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, घरात मासळी असते. मी पहाटे उठून टोपली डोक्यावर घ्यायची, बाजारात बसायचं, परत येऊन वाळत घातलेली सुकट गोळा करायची, भांडी घासायची. पन्नाशी उलटल्यावर हे अंगावर येतं. बोटं सुजायची. फणी हातात घेतली की वाटायचं, उद्या करू. त्या उद्याचे तीन महिने झाले.

रूबीच्या कानामागे, गळ्याशी, पोटाखाली केसांची घोंगडी झाली. एका सकाळी रंभाने ते पाहिलं आणि हातातली केरसुणी खाली ठेवली.

"वन्स, हिला जट आली! देवीनं धरलंय हिला. कातर लावू नका हां."

रंभाला त्यातलं कळणारच. तिच्या स्वतःच्या डोक्यात बारा वर्षं जट होती. तिसऱ्या बाळंतपणात तापाने दोन महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा आलेली. आता मनगटाएवढी जाड झाली होती. ती पदराखाली गुंडाळून ठेवायची, त्या वजनाने मान कायम डावीकडे कललेली. डोकं दुखतं म्हणून रोज कपाळाला सुंठ उगाळून लावायची. जट कापली तर घरचा माणूस समुद्रातच राहतो, परत येत नाही, असं आमच्याकडे म्हणतात, आणि दिनानाथ तर होडीवरचा.

मग काय, रूबीचं नशीबच फळफळलं. जटेला हळद-कुंकू लागलं, चुलीजवळ गोणपाट अंथरलं गेलं. रंभा तिला काटे काढून मासा भरवायची. शेजारच्या बायका येऊन पाया पडून गेल्या. खरं सांगते, मला बरंच वाटलं. विंचरायला नको, कुत्री घरात, आणि तिच्यामुळे माझीही विचारपूस. आयतं पुण्य कुणाला नको असतं?

पण रूबी हळूहळू चालेनाशी झाली. मागचा पाय उचलून कान खाजवायला जायची, केस ओढले जायचे, कळवळून पाय खाली ठेवायची. एक दिवस घाण वास आला म्हणून मी कानामागची जट उचलून पाहिली. खाली कातडी सडली होती. पू होता, त्यात बारीक किडे होते. मला माझीच किळस आली.

"मी हे कापते," मी रंभाला म्हटलं.

"कापा. तुमचा भाव तीन दिसांसाठी होडीवर गेलाय. होडी परत आली नाय, तर तुमी आनि तुमची कुत्री या घरात नाय."

जाळ्याची कातर घेऊन मी दुपारभर कापत बसले. माझी बोटं सोलून निघाली. जखमा धुऊन हळद भरली. आत उघडीवाघडी, उंदरासारखी रूबी निघाली. रंभाने माझ्याशी बोलणं टाकलं. मी माझी ट्रंक भरून ठेवली, पण जाणार कुठे होते? बाई विलायतेला, दुसरं माझं कुणी नाही. देवीवर माझा फारसा भरवसा नव्हता, तरी तीन दिवस खाडीकडे डोळे लावून बसले.

चौथ्या दिवशी सकाळी होडी आली. दिनानाथ जेवला आणि आडवा झाला.

रूबी अंगणात बसली होती. तिने मागचा पाय उचलला आणि कान खाजवला, डोळे मिटून, अगदी मन भरेपर्यंत. रंभा दारात उभी राहून बघत होती. मग ती आत गेली, कातर घेऊन आली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली. पदर खाली सोडला.

"वन्स, माजी पन कापा."

"दिनानाथला विचारलंस?"

"त्याच्या डोक्यावर हाय काय?"

माझी बोटं अजून ठणकत होती. पण नाही म्हणवेना. जट खाली पडली तेव्हा रूबीने तिचा वास घेतला आणि बाजूला झाली.

"मान सरळ कर आता," मी म्हटलं.

ती करायला गेली, पण होईना. मी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून सावकाश मधोमध आणलं. ती थोडी रडली. मग तिचं डोकं हातात जड लागलं. वाकून बघते तर माझ्या तळहातांत डोकं टाकून बसल्या बसल्या झोपलेली. हात भरून आले, तरी मी हलवले नाहीत.