रंगाखालचा तडा

मी एक जुनी शिडी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, या गल्लीत असं एक छप्पर नाही ज्याची धूळ मी पाहिली नाही.

सगळ्या गल्लीने मिळून मला सुताराकडून करून घेतलं. मालक कुणी एक नाही, म्हणून मला घरही नाही. ज्याचं काम झालं त्याच्या दारात उभं राहायचं, पुढच्याने मागितलं की निघायचं. एका जागी राहिले की माझे पाय शिवशिवतात. रीत एकच: घेतली त्याहून बरी करून पुढे द्यायची. कुणी पायरी बदलली, कुणी खिळा ठोकला. माझ्या दोन पायऱ्या एका लाकडाच्या नाहीत आणि मला त्याचा तोरा आहे.

त्याच रीतीने घात केला. रंगाऱ्याच्या हातून मधल्या पायरीला तडा गेला. अशी कशी पुढे द्यायची, या लाजेने त्याने मला वरपासून खालपर्यंत निळा रंग फासला. शिंपीणबाई खूश होऊन घेऊन गेली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण लाकडाला तोंड कुठलं? पडदे लावायला ती चढली, पायरी मोडली, तिचं उजवं मनगट गेलं. घर त्याच हातावर चालायचं.

झालं, गल्ली जमली. बेकरीवाला म्हणाला, "भट्टीत घालतो हिला. ज्याने त्याने आपापली घ्या, कटकट नको."

"घ्या की," शिंपीणबाईची सासू म्हणाली. "वर्षातून दोनदा चढा आणि एरवी तिच्यावर टॉवेल वाळत घाला. हिला जाळून माझ्या सुनेचा हात जुळणार आहे का?"

रंगारी मान खाली घालून पुटपुटला, "तडा मला ठाऊक होता, मावशी."

"मग तोंडात काय ब्रश धरला होतास?"

निकाल तिनेच दिला. रंगाऱ्याने पायरी बदलायची, रंग खरवडायचा आणि सुनेचा हात बरा होईतो तिच्या घरचं पाणी भरायचं. यापुढे शिडी देताना तिची खोड आधी तोंडाने सांगायची.

पायरी बदलली, रंगही उतरला, पण मागायला येतंय कोण? शिंपीणबाईच्याच दारात उभी राहून माझा जीव नुसता वरखाली. येणारेजाणारे नजर चुकवायचे. बेकरीवाल्याने तर नवी आणलीसुद्धा.

आज त्याचीच बायको आली. "आमची छपरापर्यंत पोचत नाही हो. हिची खोड काय?"

"डावा पाय आखूड आहे. खाली पाचर घाल," सासू म्हणाली.

चारचौघांत माझं उणं निघालं आणि मला हायसं वाटलं. मित्रांनो, सगळ्यांची वस्तू वापरून जितकी मोडते, त्याहून जास्त लपवून मोडते. हातून काही बिघडलं तर रंग लावू नका, सांगा. आणि बाई, तू आता बोलत काय बसलीस? उचल मला.