डावीकडच्या भिंतीतले संत

मिस्त्रीने हातोडी उलटी धरली आणि लाकडी दांड्याने भिंत ठोकत तो हळूहळू पुढे सरकू लागला. कान भिंतीला, डोळे मिटलेले; डॉक्टरने पेशंटची पाठ तपासावी तसा. ठक, ठक, ठक. मग एकदम ढब. तो अर्धं पाऊल मागे आला, पुन्हा ठोकलं. पुन्हा ढब.

"वहिनी, इथं पोकळ लागतंय."

गळ्यातली शिवणकामाची टेप हातात घेऊन उभी असलेली सून तशीच उभी राहिली. ती फक्त माप द्यायला आली होती. सासूची चाकांची खुर्ची किती रुंद, तेवढं सांगायचं आणि ब्लाउज शिवायला घरी पळायचं. पण मिस्त्रीचा दांडा नेमका नको तिथे थांबला होता.

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. तो कामापुरता आलेला माणूस. कथीड्रलच्या मोठ्या दारातून आत आलं, पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण केली, की धर्मग्रामातला, म्हणजे या चर्चच्या वस्तीतला, प्रत्येक जण आधी डावीकडे वळायचा, या कोऱ्या भिंतीसमोर चांगला कमरेतून वाकायचा, आणि मगच वेदीकडे जायचा. भिंतीवर ना चित्र, ना मूर्ती, ना मेणबत्ती लावायला कोनाडा. नुसता चुना. लग्न करून ती या धर्मग्रामात आली त्या पहिल्याच रविवारी तिने सासूला हळूच विचारलं होतं, "आई, इथं कोण आहे?"

"संत आहेत."

"कोणते?"

"संतांची उलटतपासणी घेतात का गं?"

पुढे तिला कळलं, की उत्तर कोणालाच नीट माहीत नव्हतं. कोणी म्हणे, भिंतीत एक तपस्वी उभ्याने चिणलेला आहे. कोणी म्हणे, समुद्रावर मेलेली एक सिस्टर. मोठ्या दारावरच्या संगमरवरी पाटीत सगळ्यांची नोंद होती. ज्याच्या राज्यात कथीड्रल बांधलं तो गव्हर्नर, पहिले बिशप, घंटा घेऊन आलेलं जहाजसुद्धा. संतांचा मात्र पत्ता नव्हता.

आता प्रश्न संतांचा नव्हता, सासूचा होता. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आत गेलेली नव्हती. पुढे उंच पायऱ्या, उजवीकडे कबरी, मागे गोल जिना. उचलून न्यायची गोष्ट काढली, की ती भडकायची. "मी काय कपाट आहे? शेवटी चौघे उचलणारच आहेत, तेव्हा माझा नाइलाज. तोवर कोणी हात लावायचा नाही." ख्रिस्तप्रसाद फादर घरी आणून देत. ती तो घेई आणि दिवसभर गप्प राहत असे. म्हणून डाव्या भिंतीत दार पाडायचं ठरलं. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीने फक्त त्याच बाजूला होती, आणि त्या बाजूलाही फक्त तेवढ्याच जागी.

"फादरांना बोलवा," सून म्हणाली.

फादर नवे होते. त्यांना प्रश्न पडायची सवय होती, आणि धर्मग्रामाने ती अजून पुरती माफ केलेली नव्हती. त्यांनी स्वतः दांडा घेऊन ठोकून पाहिलं, दोनदा, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग लगेच पडला.

"आजींना कोण सांगणार?"

तिघंही घरी गेली. सासू खिडकीशी खुर्चीत बसून मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. शेंगा सोलणं थांबलं नाही.

"माझ्यासाठी संतांचं घर फोडायचं नाही," ती म्हणाली.

"आजी, आत कोणी असलं तर आपण त्यांना मानाने वेदीजवळ नेऊ," फादर म्हणाले.

"आणि नसलं तर?"

फादर टोपलीतल्या मटारांकडे बघू लागले.

"म्हणजे जन्मभर मी चुन्याला नमस्कार केला, हे मला या वयात ऐकवणार तुम्ही. आणि ते ऐकायला मी चाकांवर बसून तिथवर यायचं."

सासूने एक शेंग उघडली, आत किडका दाणा निघाला, तो बोटाने उडवला. मग फादरांना ओलांडून तिने थेट मिस्त्रीला विचारलं, "केवढं पोकळ आहे? माणूस मावेल एवढं?"

"उभा नाही मावायचा, आजी. आवाज खांद्यापर्यंतच येतो."

"मग बसलेले असतील." ती थोडा वेळ त्या बसलेल्या कोणाकडे तरी पाहत राहिली. सुनेला हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं. "बरं. फोडा. पण बाहेरच्या बाजूने, आणि मी समोर असताना."

सकाळची मिस्सा आटोपल्यावर काम सुरू झालं. सासू झाडाच्या सावलीत खुर्चीत बसली होती, हातात जपमाळ. गिलावा पापुद्र्यासारखा सुटत गेला. खाली विटा निघाल्या, भिंतीच्या दगडांच्या मानाने अगदी हलक्या, घाईने रचलेल्या. मिस्त्री एकेक वीट काढून मागे देऊ लागला आणि फादर पांढरा झगा सावरत ती रचू लागले.

"सावकाश, त्यांना लागेल," सासू म्हणाली.

विटांमागे नुसता भराव होता. खडी, माती, फुटकी कौलं. तो उपसला तरी हाडं नाहीत, कापडाची चिंधी नाही, क्रूसही नाही. मग आतल्या बाजूच्या विटा पडल्या आणि कथीड्रलमधला गार अंधार थेट बाहेर दिसू लागला. मिस्त्रीने कुंच्याने कडा झाडल्या. दोन्ही बाजूंना घडीव दगड, वर एक सपाट जाड शिळा.

"दारच आहे हे," तो म्हणाला. "आम्हाला पाडायची गरजच नव्हती."

सुनेने टेप लावली. खुर्ची जाईल एवढी रुंदी नीट होती. मग, कोणी सांगितलं नसताना, तिने टेप उभी धरली. वरचा दगड तिच्या खांद्याला लागत होता. उंबरा मधोमध पळीसारखा खोलगट झिजला होता. मिस्त्रीने वरच्या दगडाच्या खालून हात फिरवला आणि तळवा उजेडात धरला. दगड तिथे काळा होता आणि गुळगुळीत, चकाकता.

"धूर नाही हा. डोक्याचं तेल आहे. खूप डोकी घासलीत इथं."

फादर वळून मोठ्या दाराकडे पाहत होते. त्या दारातून कोणी घोड्यावर बसून आत गेला असता तरी त्याची टोपी पडली नसती.

"ते दार पाटीवरच्या लोकांचं होतं," ते सावकाश म्हणाले. "आणि हे वाकून येणाऱ्यांचं."

सासूच्या हातातली जपमाळ थांबली होती.

"लहानपणी आजी मला भिंतीपाशी आणायची," ती म्हणाली. "मानेवर हात ठेवून वाकवायची. खाली, अजून खाली. मी एवढीशी होते. मी न वाकता गेले असते इथून."

"तुमच्या आजींना आठवत नसेल, दार होतं ते," फादर म्हणाले.

"माझी आजी काही विसरायची नाही हो." तिने वरच्या शिळेकडे पाहिलं. "उंच होती ती. सगळ्या घरात उंच."

मिस्त्रीने घसा साफ केला. "वरचा दगड काढून उंच करून देतो, आजी. फार काम नाही. आताच काढू?"

"आधी मला आत ने," सासू सुनेला म्हणाली.

"अहो आई, डोकं लागेल."

"मी बसलेय. मला कुठे लागतंय?"

उंबऱ्यावर फळी टाकली. सुनेने खुर्ची ढकलली. दगड जवळ आला तशी सासूची हनुवटी आपोआप खाली गेली, सवयीने. मध्येच थांबली. मग वर आली. दगड तिच्या पांढऱ्या केसांवरून, त्यांना न शिवता, निघून गेला. मागे सून दुमडून चालत होती आणि तरी तिचं कपाळ आपटलं.

"आई गं!"

"लागलं?"

"मग काय!"

फादरही वाकून आत आले. सुनेने कपाळ चोळत खुर्ची वेदीच्या दिशेने वळवली आणि थोडी बाजूला झाली. एवढ्या दिवसांनी येतेय, तिला तिचं तिचं बघू द्यावं. रंगीत काचांचा उजेड फरशीवर पडला होता. पण सासू वेदीकडे बघतच नव्हती. मान वळवून ती मागे, त्या उजेडाच्या चौकोनाकडे बघत होती.

"बाहेर ने."

"का? काही राहिलं का?"

"बाहेर ने म्हणते ना."

बाहेर आल्यावर तिने तोंड पुसलं, विस्कटलेले केस कानामागे सारले आणि खुर्चीत पाठ टेकून ताठ बसली. मिस्त्री छिन्नी हातात घेऊन उभा होता.

"हं, आता पुन्हा," सासू म्हणाली. "आणि या वेळी सावकाश."