एश्रेफची चाल

दार दुसऱ्यांदा लाल झालं तेव्हा एश्रेफने मान वर करून छताकडे असं पाहिलं, जणू तिथे कुणी ओळखीचं बसलंय आणि मुद्दाम खोडी काढतंय.

काचेच्या खोलीतून पलीकडच्या देशाचा तरुण पोलीस, स्टिपे, बाहेर आला.

“काका, मागे या. आता एकच संधी उरली. तिसऱ्यांदा लाल लागलं की आज प्रवेश बंद. मग मलाही सोडता येत नाही.”

“अरे, मी तोच आहे ना! काल सकाळी याच दाराने सोडलंय मला.”

“मला कळतंय हो. त्याला कळत नाहीये.”

दोन देशांची सीमा असलेल्या ऊना नदीवरच्या जुन्या पुलाच्या शेवटी आता पंधरा पावलांचा काचेचा बोगदा होता. थांबायचं नाही, बोट टेकवायचं नाही, नुसतं चालत जायचं. वरचे कॅमेरे माणसाचा चेहरा आणि चाल दोन्ही ताडून पाहायचे. वसंतात सगळ्यांची नोंद झाली तेव्हा सरकारी काम, त्यात फोटो निघणार, म्हणून अख्खं गाव नटूनथटून आलं होतं. कुणी ईदचे बूट घातले, कुणी रविवारी चर्चला घालायचे, हाज्रोने तर स्वतःच्या लग्नातले. सगळे छाती काढून, रुबाबात बोगद्यातून चालले. सोमवारी तीच माणसं शेतावरच्या रबरी बुटांत आली आणि दाराने एकालाही ओळखलं नाही. पुन्हा नोंद करायची तर जिल्ह्याच्या गावी दोन खेपा. त्यापेक्षा बुटांची पिशवी बरी, असं गावाने ठरवलं. तेव्हापासून रोज सकाळी पलीकडच्या शेतांवर जाताना पुलाच्या कठड्याला टेकून सगळे पायांत ठेवणीतले बूट चढवत, पंधरा पावलं चालत, आणि पलीकडे जाऊन पुन्हा रबरी बूट घालत.

एकटा एश्रेफ नोंदीला गोठ्यातून तसाच आला होता, शेणाने माखलेल्या बुटांत. तेव्हा गाव त्याला हसलं होतं. मग चार महिने तो गावाला हसला. सगळे नाड्या सोडत बसलेले असताना हा आपला मिशीतल्या मिशीत हसत, हात मागे बांधून, पलीकडच्या आपल्या आलुबुखाराच्या बागेत निघून जायचा.

आज मात्र त्याच्या पायांत काळे कुळकुळीत बूट होते, अंगात इस्त्रीचा सदरा आणि वर कोट.

“काय रे एश्रेफ,” हाज्रो रांगेतून ओरडला, “झाडांना मागणी घालायला निघालास की काय?”

रांग खो खो हसली. हाज्रोची बायको झुम्रा तेवढी हसली नाही. ती नदीपलीकडच्या चढावर पाहत होती. रांकाच्या घरापुढे एक करड्या रंगाची गाडी उभी होती, आणि गाडीची डिकी उघडी होती.

“भावजी,” ती हळूच म्हणाली, “रांकाला आज नेतायत ना?”

“नऊला.”

हसणं थांबलं. आठ चाळीस झाले होते.

रांकाची बाग एश्रेफच्या बागेला लागून होती. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, त्याची बायको जाऊन चार. गेली दोन वर्षं दुपारचा पाव आणि चीज दोघांनी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून खाल्लं होतं, आणि जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं. काल तिने सांगितलं, “मुलगा मला झाग्रेबला नेतोय. कायमचं.” सांगून ती थांबली. चांगली बराच वेळ थांबली. आणि त्याच्या तोंडून काय निघालं, तर “बरं.” आपल्यासारखा गाढव नदीच्या दोन्ही काठांना सापडायचा नाही, हे त्याला घरी पोचेपर्यंत पुरतं पटलं होतं.

“हाज्रो, तुझे रबरी बूट काढ,” झुम्रा म्हणाली.

“माझे? त्याला दोन बोटं मोठे होतील!”

“काढ म्हणते ना.”

तिने पाव गुंडाळलेलं फडकं सोडलं, फाडून दोन तुकडे केले आणि बुटांच्या टोकांत कोंबले. एश्रेफने पाय घातले, उभा राहिला, आणि सवयीने सदरा ताठ केला.

“ते नको!” झुम्रा करवादली. “छाती आत घ्या. नवरदेवासारखं चालताय तुम्ही, म्हणून तर नडलं. गाय सुटलीय आणि वाफ्यात शिरतेय असं समजा.”

तो बोगद्यात शिरला. इस्त्रीचा कोट आणि खाली रबरी बूट, असं ध्यान त्या काचेने आजवर पाहिलं नसेल. मागे चाळीस माणसं श्वास रोखून उभी होती. आठवं पाऊल, नववं. त्याला खरंच भीती वाटली. आपण आपल्यासारखं कसं चालतो हेच मुळी आठवेना. मग चढावर कुणीतरी डिकी दाणकन लावली. तो आवाज ऐकला आणि पाय आपोआप पुढे पडले.

दार हिरवं झालं.

“पळा, काका,” स्टिपे म्हणाला.

तो पळाला. धापा टाकत फाटकाशी पोचला तेव्हा तिचा मुलगा नेनाद गाडीजवळ उभा राहून घड्याळ पाहत होता. रांका उंबऱ्यावर कोटाची बटणं लावत होती. तिने त्याचा सदरा पाहिला, मग चिखलाने भरलेले ते भलेमोठे बूट पाहिले, आणि तिचा हात तिसऱ्या बटणावर थांबला.

जमवून आणलेलं भाषण चढावर कुठे सांडलं कोण जाणे.

“काल मी बरं म्हणालो,” एश्रेफ म्हणाला, “ते खोटं होतं. जाऊ नकोस, रांका.”

नेनादने एकदा याच्याकडे, एकदा आईकडे पाहिलं. “आई, नऊ वाजले. निघायचं ना?”

रांकाने लावलेली बटणं एकेक करून सोडली.

“नेनाद, कॉफीचं भांडं कुठल्या खोक्यात ठेवलंस?”

“सगळ्यात खालच्या. का गं?”

“मग सगळी उतरव,” ती म्हणाली.