बोटीवरचं सातवं नाव

पाच मुलांच्या आईला बोटीच्या सहलीसाठी केबिन शोधायला बसवा, म्हणजे तिला कळतं की हे जग चौघांसाठी बांधलेलं आहे. आई, बाप आणि दोन मुलं, संपला संसार. पाचवं माणूस निघालं की बोटवाल्यांच्या कपाळावर आठी येते. सहावं निघालं की ते थेट बाल्कनीवाला महाल दाखवतात, आणि त्या महालाचा भाव ऐकला तर तेवढ्या पैशांत आमच्या अ‍ॅबव्हिलमध्ये बरा चालणारा जुना ट्रक येतो.

रेनेल गिद्री जानेवारीपासून या उद्योगाला लागली होती. रोज पहाटे पाचला, पोरं उठायच्या आत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी आणि कॉम्प्युटर. जूनमध्ये गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणारी, पाच दिवसांची बोट. तिचा नवरा कर्बी तेलाच्या रिगवर क्रेन चालवायचा. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. घरी असतो, असं आपलं म्हणायची पद्धत. हेलिकॉप्टरमधून उतरला की दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी छपरावर चढलेला असायचा. भावाचं छप्पर, शेजाऱ्याचा बोट बांधायचा धक्का, चर्चमधला पंखा. नाही म्हणायला जीभ रेटत नसे बिचाऱ्याची. म्हणून रेनेलला अशी जागा हवी होती, जिथून त्याला पाच दिवस कुठेही जाता येणार नाही.

"अर्धा महिना मी समुद्रच बघतो," कर्बी म्हणाला होता. "वर ते मला पगार देतात. आता पदरचे पैसे भरून बघू?"

"तिथे तुला शिडी मिळणार नाही. कुणाचं छप्पर गळणार नाही."

"आणि बोटच गळली तर?"

"तर बस दुरुस्त करत. पोरांनाही कळू दे बाप काय काम करतो ते."

तो हसला. गिद्रींच्या घरात हसणं म्हणजे होकार.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रेनेलचं नशीब उघडलं. कुणीतरी रद्द केलेली एक केबिन पडद्यावर दिसली. सहा जणांची, एकाच खोलीत सहा खाटा, आणि भाव माणसात आलेला. अख्ख्या बोटीवर अशा केबिन हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिला कुठे ठेवू नि कुठे नको झालं. दुसरं कुणी हात मारायच्या आत तिने धडाधड नावं भरली. स्वतःचं, मग मार्सेल, टाय, लूक, ओडील आणि दोन वर्षांचा ज्यूल. सहा रकाने, सहा नावं. इसारा भरला, कागद छापला आणि फ्रिजवर चिकटवला.

बुधवारी सकाळी कर्बी रिगवर निघाला. बॅग दाराशी ठेवून, कॉफीचा कप हातात धरून तो त्या कागदासमोर उभा राहिला. वरपासून खालपर्यंत वाचला.

"चांगली दिसते बोट," एवढंच म्हणाला, आणि ट्रकमध्ये बसून हेलिकॉप्टर गाठायला गेला.

शुक्रवारी वर्ना आली. वर्ना म्हणजे रेनेलची नॅनॅन. बाप्तिस्म्याच्या वेळी जी बाई पोर हातात धरते ती नॅनॅन, आणि आमच्याकडे ती एकदा चिकटली की जन्मभर सुटत नाही. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर वर्ना घरबसल्या बोटींची तिकिटं विकायची. रेनेलने तिला न विचारता परस्पर केबिन घेतली, म्हणून ती थोडी फुगलेली होती. तरी चर्चचा उपासाचा शुक्रवार, मांस चालत नाही, म्हणून उकडलेल्या क्रॉफिशची, म्हणजे नदीतल्या झिंग्यांची पिशवी मात्र घेऊन आली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पोरं तुटून पडली. वर्ना चष्मा लावून फ्रिजपाशी गेली.

"पोरी," तिथूनच म्हणाली, "कर्बी पोहत येणार आहे का?"

रेनेल हसली. मग हसता हसता थांबली. उठली आणि बोटांना लागलेल्या लाल तिखटासकट कागदावरची नावं मोजू लागली. दोनदा मोजली.

आता वाचणारा म्हणेल, अशी कशी बाई नवऱ्याला विसरते! त्याने आमच्या भागात येऊन एखादं वर्ष राहावं. ज्या घरातला पुरुष निम्मा महिना पाण्यावर असतो, त्या घराला त्याच्याशिवायचा आकडा पाठ होतो. सहा ताटं, सहा टूथब्रश, चर्चच्या बाकावर सहा जणांची जागा. दंतवैद्याने विचारलं तरी तोंडातून सहाच निघतं. तो आला की एक खुर्ची ओढून घ्यायची, गेला की सरकवून द्यायची. यात प्रेम कमी असतं असं कुणी समजू नये. पण आकडा सहा असतो, हे खरं. दोन महिने रोज पहाटे रेनेलने तोच आकडा दाबला होता, आणि तिला एकदाही खटकलं नव्हतं.

ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. डोळे पुसायला गेली तर तिखट डोळ्यात गेलं, मग दुप्पट रडली.

"मी नवऱ्याला विसरले, नॅनॅन. चालत्याबोलत्या नवऱ्याला!"

"अगं, माझा एडगर जन्मभर कोळंबीच्या बोटीवर. तो गेला त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की आता तो परत यायचा नाहीये." वर्नाने तिच्यापुढे ओला टॉवेल धरला. "रडून खाट वाढत नाही. फोन दे इकडे."

वर्नाने बोटवाल्यांना फोन लावला आणि अर्धा तास त्यांच्याशी झटापट केली. त्या केबिनमध्ये सातवं माणूस बसत नव्हतं. दुसरी केबिनही नव्हती, बोट भरलेली होती.

"मी जमिनीवर झोपेन की," रेनेल म्हणाली. "ज्यूल तर माझ्या कुशीतच असतो, त्याला कशाला धरतात मोजायला?"

"खाटेचा प्रश्न नाही गं. संकट आलं तर पाण्यात सोडायच्या ज्या नावा असतात ना, त्यात जेवढ्या जागा, तेवढेच लोक बोटीवर. तिथे तान्ह्या पोरालाही अख्खी जागा लागते. आईच्या मांडीचा हिशेब धरत नाहीत." वर्नाने चष्मा काढला. "एक वाट आहे. पण तुझं काळीज घट्ट पाहिजे."

वाट अशी होती. पुढच्या गुरुवारी सगळ्यांना उरलेले पैसे भरायचे होते. दरवेळी काही जण भरत नाहीत. हौसेने केबिन धरतात आणि शेवटी पाय मागे घेतात. त्यांच्या केबिन शुक्रवारी सकाळी पुन्हा विक्रीला येतात, आणि तासाभरात उडतात. त्यातून आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या, चार-चार खाटांच्या दोन केबिन घ्यायच्या. दोन्ही मिळून खर्च जेवढ्यास तेवढा, आणि खाटा आठ.

"मग अडचण काय?"

"अडचण ही, की ही केबिन ठेवून वर त्या दोन घ्यायला तुझ्याकडे पैसे नाहीत. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ही केबिन सोडलीस तर इसारा परत मिळेल. पण शुक्रवारी काही निघालं नाही, तर ना हे ना ते. शहाणी माणसं सांगतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

"तू काय सांगतेस?"

"मी कधी शहाण्यांत होते? पण आधी कर्बीला फोन कर."

"नाही. आधी निस्तरते, मग सांगते," रेनेल म्हणाली. लाज वाटत होती तिला. रिगवर फोन करून नवऱ्याला काय सांगायचं, की बाबा रे, तू माझ्या मोजणीत नव्हतास?

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. पोरांचं निराळंच चाललं होतं. मार्सेल अकरा वर्षांची, घरातली दुसरी आई. तिने बोटीवर काय काय घालायचं त्याची यादी केली होती. टाय आणि लूक वरच्या खाटेवरून आत्तापासून भांडत होते. गुरुवारी दुपारी रेनेल कागद काढायला फ्रिजपाशी गेली, तेव्हा मार्सेल मागे येऊन उभी राहिली.

"मॉम, जायचं नाही का आपण?"

रेनेलने तिला सगळं सांगितलं. खोटं बोलायची ताकद नव्हती.

"मला वाटलं, डॅडीला काम आहे म्हणून तू त्याचं नाव घातलं नाहीस," ती म्हणाली. "त्याला नेहमी कामच असतं ना."

रेनेलला कळून चुकलं. तिच्या आकड्याची सवय पोरांनाही लागली होती. तिथल्या तिथे तिने ठरवलं, जायचं तर सातही जणांनी, नाहीतर कुणीच नाही. फोन उचलून तिने केबिन रद्द केली. मग कागद फ्रिजवरून काढला.

शुक्रवारी सकाळी ती आणि वर्ना शेजारी शेजारी बसल्या, दोघींपुढे एकेक कॉम्प्युटर. सहा वाजता काही नाही. सात वाजता एक केबिन निघाली, दोन खाटांची. वर्ना म्हणाली, "थांब." साडेसातला पोरांना शाळेच्या बसमध्ये घालून रेनेल धावत परत आली, तर वर्ना उभीच होती.

"बस खाली! दुसऱ्या मजल्यावर एक, चार खाटा. मी धरलीय. आठव्यावर एक दिसतेय, ती तू धर. बघत काय बसलीस? धर!"

रेनेलने धरली. केबिन एकमेकींपासून सहा मजले दूर, पण होत्या दोन. नावं भरायला लागली तर बोटवाल्यांची अट, प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस हवं. या खेपेला तिने पहिलं नाव कर्बीचं घातलं. त्याच्याबरोबर लूक, ओडील आणि ज्यूल. आपल्याबरोबर मार्सेल आणि टाय.

"तीन धाकटी त्याच्याकडे?" वर्नाने भुवई चढवली. "बाई, तू माफी मागतेयस की सूड उगवतेयस?"

"दोन्ही," रेनेल म्हणाली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली.

बुधवारी कर्बी घरी आला. रेनेलने त्याला बूटही काढू दिले नाहीत. नवा कागद हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. विसरले, मुद्दाम नाही, सवयीने विसरले, आणि हे असं दुरुस्त केलं. कर्बीने कागद वाचला. आपल्या नावावर त्याचं बोट थांबलं.

"अगं, पण मी त्या आठवड्याचं जादा काम घेतलंय," तो म्हणाला.

"काय?"

"फ्रिजवर वाचलं ना मी. म्हटलं, बायकोने ठरवूनच केलंय. मी घरी असलो तरी कुठे असतो? मग निदान तुमच्या सहलीचे पैसे तरी सुटतील. हॉलिस साहेबाला त्याच दिवशी सांगून टाकलं."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"काय विचारणार होतो? माझं नाव का नाही म्हणून?" त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "उत्तराची भीती वाटली."

रेनेलला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या सगळ्याखाली त्याची माया दाटली. मग बोलली ती सरळच बोलली. "तू मला हवा आहेस, कर्बी. पैसे नकोत, छप्पर नको. तू. फोन कर त्या माणसाला."

कर्बी गिद्री आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता, आणि आता साहेबाला म्हणायचं होतं. त्याने फोन लावला. दोनदा घसा खाकरला.

"मिस्टर हॉलिस, जूनचं ते जादा काम मला जमायचं नाही."

"अरे, मी शाईने लिहिलंय तुझं नाव!" पलीकडचा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू आला.

"मग खोडा."

"आणि तुझी क्रेन कोण चालवणार? मी?"

"तुम्हाला येते की. सगळ्यांना सांगत असता, तुम्हीच मला शिकवली म्हणून."

रेनेल फोनपाशी सरकली. मग हॉलिस असा काही हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "जा लेका," तो म्हणाला. "आणि बोटीवर कुणी काही दुरुस्त करायला सांगितलं तर त्यालाही असंच सुनाव."

कर्बीने फोन ठेवला. कपाळावरचा घाम पुसला आणि कागद पुन्हा पुढे ओढला.

"ही तिघं माझ्याकडे? एकट्याकडे? पाच रात्री?"

"सहा मजले दूर. मला हाक मारलीस तरी ऐकू येणार नाही."

त्याने तिन्ही नावं पुन्हा वाचली. तीन पोरांचा बाप, खरं म्हणजे पाचांचा, आणि त्यातलं एकही त्याने कधी एकट्याने झोपवलं नव्हतं. मग त्याने टेबलावरची पेन्सिल घेतली, कागद उलटा केला आणि पाच वर्षांच्या ओडीलला हाक मारली. ती आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"ओडील, तुला झोप कशी येते गं? सांग मला. सगळं सांग."

ओडीलने आधी आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पाठीवर हात ठेवायचा," ती म्हणाली. "पण थोपटायचं नाही. नुसता ठेवायचा. आणि मी झोपले असं वाटलं तरी लगेच काढायचा नाही."

कर्बीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "बरं," तो म्हणाला, "आणि ज्यूलला?"