पहिल्या ओळीतला रघुराम

कच्चे सिलेक्टर लिहिणाऱ्यांची मला चीड आहे. वेबपानावरचं नेमकं कुठलं बटण दाबायचं, हे स्क्रिप्टला, म्हणजे आपोआप कामं उरकणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, सांगणारा पत्ता म्हणजे सिलेक्टर. ‘तिसऱ्या ओळीतलं बटण’ असा पत्ता दिला, की वर एक ओळ वाढली तरी फजिती. तंजावरात घरी बसून मी अशा स्क्रिप्ट लिहायचंच काम करते, म्हणून आजोबांच्या श्राद्धाची नोंदही स्क्रिप्टवर सोपवली आहे. तिरुवैयारूच्या वाध्यारांच्या, म्हणजे आमच्या भटजींच्या, पानावर आमच्या घराण्यातल्या गेलेल्यांची यादी असते. त्यातली ‘रघुराम’ नावाची ओळ शोधायची आणि तिच्यातलं बटण दाबायचं. चार वर्षं बिनबोभाट चाललं.

यंदा स्क्रिप्ट अडली. म्हणे, दोन ओळी सापडल्या.

पान उघडून पाहिलं, तर रघुराम एकच. पुन्हा चालवली, पुन्हा दोन.

आमच्यात नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. माझा धाकटा भाऊही रघुराम, आणि तो सकाळीच मोपेडवरून पापनाशमला गेलेला. फोन लावला, तो उचलेना.

अर्ध्या तासानं फाटकाशी मोपेड थांबली.

“अक्का, मज भूक लागली. जेवून परत जातो.”

मला रडूच आलं, मग स्वतःचा राग आला. साइट गचाळ, दुसरं काय! त्याला वाढून झाल्यावर, ज्यासाठी मी कामावरच्या नवख्यांना झापते तेच केलं: दोन सापडल्या तर पहिली घे. स्क्रिप्ट मुकाट चालली.

तो हात धुवायला उठला तेव्हा भटजींकडून मेसेज आला. ‘रघुराम यांची नोंद झाली.’ खाली मृत्यूची तारीख होती. आजची.

यादीत नुकते गेलेले वर असतात. हे मला पक्कं माहीत होतं.

पान पुन्हा उघडलं. आता माझ्या डोळ्यांनाही दोन ओळी दिसत होत्या. बाहेर मोपेडला किक बसली आणि मी अनवाणी धावले.

“अक्का, वेड लागलं काय?”

किल्ली माझ्या मुठीत आहे. तो ओट्यावर हसत बसलाय. मला भयंकर भीती वाटतेय. दुपारचे तीन वाजलेत. आजचा दिवस संपायला नऊ तास आहेत, तोवर मी त्याच्यावरची नजर हटवणार नाही.