आईसाठी सोपं पुस्तक

आई चिडली की तिचं शिलाई मशीनसुद्धा वेगळं वाजायचं. त्या आठवड्यात तर ते नुसतं दणदणत होतं. कारण लेक. शनिवारी वाचनालयात तिचं व्याख्यान होतं, एका जुन्या अमेरिकन कथालेखकावर. ज्यांनी त्याचं काहीच वाचलेलं नाही त्यांनी सुरुवात कुठून करावी, असा विषय. काहीच न वाचलेल्यांत आईचा पहिला नंबर. तरी लेक म्हणते कशी, "तू नको गं येऊस, कंटाळशील."

"का? मी काय अक्कल गहाण ठेवलीय?"

लेक कॉलेजात शिकवायची. बोलायची गोड, पण चारचौघांत आईच्या रफूच्या दुकानाचा विषय निघाला की तिला नेमका फोन यायचा. आईला हे कळत नव्हतं थोडंच! पोटची पोर म्हणून गिळून टाकायची, झालं. या वेळी मात्र तिनं हट्टच धरला. त्या लेखकाचं पुस्तक दे, मी वाचते आणि येते. पोरीच्या माणसांत एकदा तरी ताठ मानेनं बसायचं होतं तिला.

लेकीनं खाकी कव्हर घातलेलं एक पातळसं पुस्तक आणून दिलं. "यानं सुरुवात कर. सोपं आहे."

आत चित्रंबित्रं होती. परदेशी पुस्तकांत घालत असतील, असं आईला वाटलं. गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून तिनं ते वाचून काढलं. त्यातली एक गोष्ट अशी, की एक म्हातारी न कळवता शहरातल्या मुलाकडे जाते. मुलगा बडा साहेब झालेला, घरात बड्या लोकांची मेजवानी. तो आईला दारात बघतो, धावत येतो आणि सगळ्यांसमोर मिठी मारतो. संपली गोष्ट.

"काहीतरीच! एवढा मोठा लेखक म्हणे, आणि पोरं कशी वागतात ते ठाऊक नाही मेल्याला?" ती शेजारच्या इस्त्रीवाल्यावर डाफरली. त्यानं बिचाऱ्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती.

शनिवारी व्याख्यान संपलं, कुणाला काही विचारायचंय का, असं लेकीनं विचारलं आणि आई मागच्या रांगेतून उठली. "ती म्हातारीची गोष्ट. मुलगा धावत येऊन मिठी मारतो, ते काही मला पटलं नाही."

हॉलमध्ये खसखस पिकली. "अहो, ती लहान मुलांची आवृत्ती!" कुणीतरी म्हणालं. "मूळ गोष्टीत कुठली आलीय मिठी?"

व्यासपीठावर लेक लालबुंद झाली. माईक सावरत म्हणाली, "या बाईंनी बहुतेक चुकून दुसरंच पुस्तक वाचलंय. पुढचा प्रश्न?"

या बाईंनी! आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक हसले तर हसू देत, त्यांचं काय घेऊन बसायचं? पण ही?

"चुकून नाही," आई बसलीच नाही. "तूच दिलंस. पोराटोरांचं आहे हे सांगितलं नाहीस. आणि बाई काय गं? अहो, मी हिची आई आहे. कोपऱ्यावरचं रफूचं दुकान माझंच. हिच्या अंगावरचं जाकीट कालच मी कमरेत आत घेऊन दिलंय."

हॉलमधल्या सगळ्या नजरा त्या जाकिटाकडे वळल्या.

"आता खरा शेवट सांग. मोठ्यांचा."

लेकीनं समोरचं जाडजूड पुस्तक उघडलं. पान काढलं आणि तशीच थांबली. "आई, घरी गेल्यावर सांगते ना."

"इथंच. सगळ्यांसमोर."

लेक वाचू लागली. "पाहुण्यांनी विचारलं, ही कोण? मुलगा हसून म्हणाला, कुणास ठाऊक. ही बाई..." तिनं पाण्याचा घोट घेतला. "ही बाई चुकून दुसऱ्याच घरात शिरलीय."

या वेळी कुणी हसलं नाही. लेकीला मान वर करवेना.

"हं. हे पटलं," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला रागच आला. पदरबिदर न शोधता तिनं सरळ मनगटानं ते पुसले आणि खुर्ची ओढून खाली बसली.

"वाच पुढं. ती आई काय करते ते ऐकल्याशिवाय मी इथनं हलायची नाही."