काउंटरखालच्या बाटलीची कबुली

मित्रांनो, मी अत्तराची एक जुनी बाटली आहे. विकायची नव्हे, गिऱ्हाइकांनी फुकट हुंगायची. तशी चिठ्ठीच माझ्या पोटावर चिकटवलेली आहे.

कारखान्यात माझ्याबरोबर भरलेल्या बाटल्या घरोघर गेल्या आणि मी दुकानाच्या काउंटरवर बसले. मी गोल. शेजारी दुसऱ्या अत्तराची चौकोनी बाटली. दोघींचा वास गोड, दोघींत कस्तुरी. मी किंचित दुधाळ, ती किंचित धुरकट. बायका एका मनगटावर मला लावत, दुसऱ्यावर तिला, आणि नवऱ्याला विचारत, "कुठला बरा?" नवरा म्हणे, "दोन्ही सारखेच." नवऱ्यांचं नाक कुणी मनावर घेत नसे.

दुकानदारकाका मात्र त्याच मताचे निघाले. एकदा चौकोनी बाटलीला तडा गेला. काकांनी तिच्यातलं उरलेलं अत्तर माझ्यात ओतलं. म्हणाले, "गोडात गोड. कुणाला कळतंय?"

शेजारी नवी चौकोनी आली, पण आता जो तो मलाच वाखाणू लागला. निम्मं कौतुक उसनं होतं. मी सगळं ठेवून घेतलं.

मग एका दुपारी एक मुलगी मावशीला घेऊन आली. ती पाच वर्षांची असताना तिची आई गेली होती. आईचा आवाज तिला आठवत नव्हता. फक्त अत्तराचा वास आठवत होता.

"गोड होता, कस्तुरीचा होता," मावशी म्हणाली. "पुढचं मला विचारू नकोस. मला भाजी करपलेलीही कळत नाही."

मुलीने चौकोनी बाटली हुंगली आणि मान हलवली. मग मला हुंगलं, आणि ती स्टुलावर बसलीच.

"मावशी, आई."

तिने माझ्या जातीची सीलबंद बाटली नेली. दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन परत आली.

"काका, हा तो नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं, हे मला दिसलं. मुलीने माझ्याकडे हात केला, तेवढ्यात त्यांनी मला पुसायला म्हणून उचललं आणि काउंटरखाली ठेवलं.

"वास तोच असतो हो, ताई. भावनेच्या भरात नाक फसतं माणसाचं. चौकोनी देऊ का बदलून?"

"नको," ती म्हणाली. "म्हणजे मला आठवतच नव्हतं."

"अगं, लहान होतीस तू."

"एवढंच एक उरलं होतं, मावशी."

तिची आई दोन्ही अत्तरं मिसळून लावायची की काय, मला ठाऊक नाही. पण मुलीचं नाक चुकलं नव्हतं, हे दुकानात दोघांना ठाऊक होतं. एक बाटली, तिला तोंड असून बोलता येत नाही. दुसरे काका.

मी अजून काउंटरखालीच आहे. काका कधीकधी माझं बूच काढतात, हुंगतात, बूच परत लावून टाकतात. त्या मुलीचा पत्ता त्यांनी घेतलेला नाही.

मित्रांनो, बाटल्या जपून वापरा, असं मी सांगणार नाही. फुटल्या तर नव्या मिळतात. पण चूक तुमची असेल, तर ती समोरच्याच्या आठवणीवर ढकलू नका. तो बिचारा ते खरं मानून घरी जातो.